थ्रॉटल स्थिती संवेदक, कार्ब्युरेटरवरील

मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल (एंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) किती उघडला आहे, हे विद्युत् दाबाच्या रूपाने प्रज्वलन नियंत्रकाला, म्हणजे ठिणगीची वेळ ठरविणाऱ्या यंत्रणेला, कळविणारे उपकरण, व्यवहारात ‘टीपीएस’ (थ्रॉटल पोझिशन सेन्सर). अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन) पद्धतीत हा संवेदक इंधनाचे माप ठरविण्यास मदत करतो. कार्ब्युरेटरमध्ये ते माप जेट (इंधनाचे बारीक छिद्र) आणि त्यात सरकणारी सुईच ठरवितात. संवेदकाचा संबंध ठिणगीच्या वेळेपुरता असतो. तो बसविल्याने मिश्रण सुधारते, हा समज त्यामुळे निराधार होय.

थ्रॉटल अर्धवट उघडा असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते व सावकाश जळते, म्हणून ठिणगी बरीच आधी पडावी लागते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तेवढ्याच आगाऊ ठिणगीने एंजिन नॉक करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून ठोके पडतात. जुन्या गाड्यांतील अपकेंद्री वजने केवळ एंजिनाची गती ओळखत, भार (सिलिंडर किती भरतो ते) नव्हे. कार्ब्युरेटरवरील संवेदक ढोबळमानाने 1990 नंतरच्या दशकात रूढ झाला. यामाहा वायझेडएफ-आर1 (1998) आणि सुझुकी एसव्ही650 (1999) या गाड्यांवर तो मुळातच होता. बजाज पल्सरवरील ‘ट्रिक्स’ रचनेची गणना काही जण याच प्रकारात करतात. पण अखंड कोनाऐवजी ठरावीक टप्पा ओलांडल्याचीच खूण देणाऱ्या रचनेला स्विच म्हणणे अधिक सयुक्तिक.

भार थ्रॉटलच्या कोनावरून मोजावा की सेवन नळीतील निर्वातावरून, यावर दोन मते आहेत. निर्वात सिलिंडरचे प्रत्यक्ष भरणे दाखवितो, हे खरे. मात्र प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर असेल तर हा निर्वात दर सेवन धावेला (दट्ट्या मिश्रण आत ओढतो तेव्हा) जोरात हेलकावतो आणि स्थिर वाचन मिळत नाही. मोटरसायकलीला कोनच सोयीचा ठरतो. स्थिरनिर्वात (सीव्ही) कार्ब्युरेटरवर एक आक्षेप उरतो. त्यातील सरकती झडप हवेच्या ओढीने मागाहून उठते, संवेदक मात्र चालकाच्या केबलने फिरणाऱ्या फुलपाखरू झडपेच्या (चपट्या चकतीच्या) दांड्यावर असतो. म्हणजे तो चालकाच्या मनगटाची मागणी सांगतो, आत गेलेली हवा नव्हे. प्रज्वलनापुरती ही तफावत चालून जाते.

मुळात संवेदक नसलेल्या कार्ब्युरेटरवर तो बसविताना दांड्याचे मोकळे टोक लागते. त्याला सहसा एका बाजूने सपाट खाच करून संवेदकाच्या फिरत्या भागात अडकवितात. केबलने थेट वर ओढल्या जाणाऱ्या साध्या सरकत्या झडपेला फिरता दांडाच नसतो. तेथे केबलमार्गात कप्पी घालून तिच्यावर संवेदक लावावा लागतो. संवेदक स्वतःच्या शेवटच्या टोकाला थ्रॉटलच्या आधी पोचता कामा नये, नाहीतर तो फुटतो किंवा थ्रॉटल पूर्ण मिटू देत नाही. दुसरी शक्यता जिवावर बेतणारी.

तारा तीन: 5 व्होल्ट, संदेश आणि ऋण. हा 5 व्होल्टचा पुरवठा नियंत्रकाकडूनच घ्यावा, 12 व्होल्टच्या बॅटरीतून थेट नव्हे; ऋण तारही चौकटीला न जोडता नियंत्रकाकडे नेतात. आधी आयडल स्क्रूने एंजिनाची मंद गती ठरवून, मग लांबट भोकांत संवेदक फिरवून मिटलेल्या स्थितीत सुमारे 0.5 व्होल्ट मिळवितात. क्रम उलटा केला तर स्क्रू फिरताच हे वाचन बिघडते. पूर्ण उघडल्यावर साधारण 4 ते 4.5 व्होल्ट दिसतात. 0 आणि 5 व्होल्टजवळची दोन्ही टोके अशी मोकळी ठेवल्याने तुटलेली तार नियंत्रकाला ओळखता येते.

संवेदकाची झीज बहुधा नेहमीच्या वेगाला थ्रॉटल जेथे राहतो त्याच पट्ट्यात होते. थ्रॉटल हळूहळू उघडताना तेथे व्होल्टेज उडते. अंकी मीटरवर ही उडी निसटते, काट्याच्या मीटरवर चटकन दिसते.