लिनक्स लॅपटॉपवर वायफायचा पॉवर सेव्ह: कधी ठेवावा, कधी काढावा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सिग्नलच्या दांड्या पूर्ण, वेग मोजला तर उत्तम. तरी दूरच्या मशीनवर टाइप केलेली अक्षरे अडखळत उमटतात, व्हिडिओ कॉलचा आवाज तुटतो, नेटवर्कवरचा प्रिंटर कधी सापडतो तर कधी नाही. ही लक्षणे असतील तर नवा राउटर घेण्याआधी वायफाय कार्डाची पॉवर सेव्ह सेटिंग तपासा.

पॉवर सेव्ह चालू असताना काम नसले की कार्ड राउटरला कळवून झोपते. त्याच्या नावे आलेली पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) राउटर राखून ठेवतो आणि पुढच्या बीकनमध्ये, म्हणजे ठरावीक अंतराने तो पाठवतो त्या संदेशात, तसे सांगतो. बहुतेक राउटरांचा बीकन दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे पाकीट तेवढा वेळ, कधी त्याहून जास्त, अडकते. मोठी फाइल उतरत असताना कार्डाला झोपायला उसंतच मिळत नाही, म्हणून वेगाच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. फटका बसतो तो थांबून थांबून येणाऱ्या पाकिटांना.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरा; वेगळे सांगितले नसेल तिथे अक्षरे छोटी.)

आधी तपासणी

टर्मिनलमध्ये «आयडब्ल्यू डेव्ह» दिल्यावर ‘इंटरफेस’ या शब्दापुढे कार्डाचे नाव दिसते, उदाहरणार्थ डब्ल्यूएलपी२एस०. मग «आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० गेट पॉवर_सेव्ह» द्या. उत्तर ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ येईल.

दोष खरोखर याचाच आहे का, हे दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉपला पिंग करून, म्हणजे छोटे पाकीट पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजून, पाहा. लॅपटॉपवरून राउटरला केलेली पिंग इथे फसवी ठरते: पाकीट पाठवायला कार्ड जागे होते आणि उत्तर येईपर्यंत बहुधा जागेच असते. बाहेरून दर सेकंदाला एक पिंग केल्यावर वेळा कधी ३, कधी ९० मिलिसेकंद अशा हेलकावत असतील आणि «-आय ०.०५» जोडून (दर ०.०५ सेकंदाला एक) वेग वाढवताच त्या खाली येऊन स्थिरावत असतील, तर कारण सापडले. दोन्ही वेळा तितकाच गोंधळ असेल तर गर्दीचा चॅनल किंवा कमी सिग्नल शोधा. हे पत्रक मग तुमच्या उपयोगाचे नाही.

तात्पुरते बंद करण्यासाठी: «सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ». फरक लगेच दिसतो, पण मशीन पुन्हा सुरू केले किंवा वायफाय नव्याने जोडले की सेटिंग पूर्वपदावर येऊ शकते. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ‘बिघाड परत आला’ असे वाटते ते बहुधा यामुळेच.

कायमचा बदल

नेटवर्कमॅनेजर (लिनक्सवर नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) प्रत्येक जोडणीच्या वेळी स्वतःची किंमत लावतो: १ म्हणजे हात लावू नका, २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. सिस्टमच्या ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘नेटवर्कमॅनेजर’ फोल्डरात (एन आणि एम मोठे) ‘कॉन्फ.डी’ उघडा. उबंटूत तिथे ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ ही फाइल ३ लावून बसलेली असते. तिला न छेडता ‘झेडझेड-वायफाय.कॉन्फ’ अशी नवी फाइल करा आणि दोन ओळी लिहा:

[कनेक्शन]
वायफाय.पॉवरसेव्ह = २

इथे ‘पॉवरसेव्ह’ सलग आहे, मध्ये अंडरस्कोर नाही. फाइलीच्या नावाला मात्र जपा. पुष्कळ जण सवयीने ९९ ने सुरुवात करतात; पण फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, अंक अक्षरांच्या आधी येतात आणि शेवटी वाचलेली फाइल जिंकते. ९९ वाली आधी वाचली जाते, ‘डिफॉल्ट’ वाली नंतर, आणि बदल वाया जातो. शेवटी «सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट नेटवर्कमॅनेजर» द्या (पुन्हा एन आणि एम मोठे). काही सेकंद वायफाय तुटेल.

टीएलपी हे बॅटरी वाचवणारे साधन बसवलेले असेल तर तेही याच सेटिंगला हात घालते. ‘ईटीसी’मधील ‘टीएलपी.कॉन्फ’मध्ये, मोठ्या अक्षरांत, वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_एसी आणि वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट अशा दोन ओळी असतात. चार्जर लावल्यावर ‘ऑफ’ आणि बॅटरीवर ‘ऑन’ हा मेळ आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो हवा असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत २ ऐवजी १ लिहा. एका सेटिंगला दोन मालक ठेवू नका. पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनाचे ‘ऑटो-ट्यून’ मशीन सुरू होताना चालत असेल तर तोही तिसरा मालक होतो, तो काढा.

बॅटरीवर कायम बंद ठेवल्यास किती फरक पडेल हे मशीनवर अवलंबून आहे. पॉवरटॉपमध्ये दोन्ही स्थितींत, पडद्याचा उजेड तितकाच ठेवून, वॅटचा आकडा पाहा आणि मगच ठरवा.

तरीही अडखळत असेल तर

काही कार्डांचा ड्रायव्हर स्वतःही वीज वाचवतो. इंटेलच्या आयडब्ल्यूएलएमव्हीएम ड्रायव्हरात ‘पॉवर_स्कीम’ मूळची २, म्हणजे मध्यम, असते. ‘ईटीसी’तील ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या नावाची फाइल करून «ऑप्शन्स आयडब्ल्यूएलएमव्हीएम पॉवर_स्कीम=१» लिहा आणि मशीन रीस्टार्ट करा. रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई कार्डाला त्याच पद्धतीने «ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एफडब्ल्यूएलपीएस=० आयपीएस=०» ही ओळ लागते. दुसऱ्या कार्डावर या ओळी आंधळेपणाने डकवू नका. आपला ड्रायव्हर कोणता हे «एलएसपीसीआय -के» सांगते.

एवढे करूनही आमच्याकडे यावे लागले तर «एलएसपीसीआय -के»चे उत्तर, बदललेल्या फाइली आणि बाहेरून केलेल्या पिंगच्या निदान १०० ओळी सोबत आणा.