आंतरराष्ट्रीय प्रकल्प-बैठकीतील संवादभेद

एकाच कामावर असलेली निरनिराळ्या देशांची माणसे बैठकीत होकार, नकार, हरकत आणि उशीर ज्या वेगवेगळ्या रीतींनी सांगतात, त्यांतला फरक. मुंबईला त्याची सवय जुनी आहे. अंधेरीचे सीप्झ, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या उद्योगांची वसाहत, १९७३ पासूनचे. अलीकडे कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोच्या ३३.५ किमी मार्गावर तुर्की, रशियन आणि चिनी कंपन्या भारतीय भागीदारांसोबत होत्या, कर्ज ‘जायका’ या जपानी सरकारी साहाय्य-संस्थेचे होते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूच्या बांधणीत जपानी आणि कोरियन कंपन्या होत्या.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये उच्च-संदर्भ आणि अल्प-संदर्भ संस्कृती असा भेद मांडला. पहिलीत अर्थ बराचसा शब्दांबाहेर असतो, दुसरीत तो शब्दांतच सांगावा लागतो. जपान पहिलीत मोडतो, जर्मनी दुसरीत. मराठी माणसाला हे समजायला एक ‘बघतो’ पुरतो. ‘करतो’ म्हणजे होईल, ‘करायला हरकत नाही’ म्हणजे मन नाही, आणि ‘बघतो’ म्हणजे आशा सोडा. हाच ‘बघतो’ बैठकीत ‘वी विल ट्राय’ होऊन बाहेर पडतो आणि जर्मन अभियंता तो तारखेसह इतिवृत्तात लिहून घेतो. जपानी पाहुणा सहसा फसत नाही, कारण ‘विचार करू’ अशा अर्थाचे त्यांचे ‘केंतो शिमासु’ पुष्कळदा त्याच कामाला येते. आपला ‘हं’ आणि त्यांचा ‘हो’ अशा अर्थाचा ‘हाय’ हेही तसेच सख्खे: दोन्हींचा अर्थ अनेकदा ‘ऐकतोय’ एवढाच. मान डोलावण्याचे तर विचारूच नये.

जपानी ‘नेमावाशी’ म्हणजे मूळ अर्थाने झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणे. कामकाजात, बैठकीआधीच एकेकाला भेटून संमती मिळवणे. लग्नाच्या याद्या पाहिलेल्यांना हे नवे नाही. देण्याघेण्याचे मध्यस्थाने आधीच मिटवलेले असते, बैठकीत उरतात सह्या आणि पेढे. बैठकीतच वाद घालून निर्णय घेणाऱ्यांना मात्र ही शांतता संशयास्पद वाटते.

डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांच्या सत्ता-अंतर निर्देशांकात, म्हणजे अधिकारातली दरी लोक कितपत गृहीत धरतात याच्या मापात, भारताला ७७ आणि जर्मनीला ३५ गुण आहेत. या मापाचा पाया १९६७ ते १९७३ या काळातली आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांची पाहणी आहे, त्यामुळे हे आकडे जपूनच वापरावेत. ‘मला नावाने हाक मारा’ असा परदेशी आग्रह झाला की मुंबईकर ‘पीटर सर’ म्हणून मोकळा होतो, हे त्या आकड्यांत दिसत नाही. साहेबांसमोर इंग्रजीत ‘नो इश्यू सर’ म्हणणारा साइट इंजिनिअर दहा मिनिटांनी टपरीवर कटिंग घेताना मराठीत स्पष्ट सांगतो, “शुक्रवारी काँक्रीट होत नाही, पंपच आलेला नाही.” माणूस तोच, संस्कृतीही तीच, बदलली ती भाषा आणि समोरची खुर्ची. ‘भारतीय नाही म्हणत नाहीत’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे.

वेळेचा घोळ वेगळा. न्यूयॉर्कचा ‘ईओडी’ (एंड ऑफ डे, म्हणजे कामाचा दिवस संपेपर्यंत) संध्याकाळी सहाचा धरला, तर उन्हाळ्यात मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेचार. अर्ध्या तासाचा फरक परदेशी लोक हमखास विसरतात. (प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ या शहरात १९५५ पर्यंत टिकला होता, तो आज असता तर काय झाले असते!)

अनुभवी प्रकल्प-व्यवस्थापक इतिवृत्तात कामापुढे माणसाचे नाव आणि तारीख लिहितात, पण त्याहून उपयोगी पडते ती प्रश्नाची रीत. “शुक्रवारी होईल ना?” असे विचारले की उत्तर “हो सर”. “शुक्रवारी व्हायला काय काय लागेल?” असे विचारले की पंपाची गोष्ट निघते.