द्रावण म्हणजे फक्त पाण्यात विरघळवलेलं काहीतरी? नाही!

द्रावण म्हटलं की ते द्रवच असणार असं शाळेपासून डोक्यात बसलंय, पण ते अर्धवट आहे. दोन किंवा जास्त पदार्थ अगदी कणांच्या पातळीवर एकसारखे मिसळले की झालं द्रावण, मग ते वायू असो, द्रव असो नाहीतर घन. आपण श्वासात घेतो ती कोरडी, स्वच्छ हवाच घ्या ना, साधारण ७८% नायट्रोजन, २१% ऑक्सिजन, म्हणजे सरळ वायूत वायूचं द्रावण!

पितळ तर कडक घन, तरी तांब्याच्या स्फटिकात काही जागांवर जस्ताचे अणू जाऊन बसलेले असतात आणि कुठूनही तुकडा काढा, प्रमाण जवळपास तेच. मला सगळ्यात भारी वाटतं ते पॅलेडियम, हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषून घेतो, म्हणजे घनात चक्क वायू!

आणि एक, धुकं हे 'वायूत द्रव' द्रावणाचं उदाहरण म्हणून सांगतात तेही चूक आहे. धुक्यात पाण्याचे बारीक थेंब वेगळे तरंगत असतात, प्रकाश विखुरतात म्हणून तर ते पांढरं दिसतं, तो कलिल (कोलॉइड) झाला, म्हणजे बारीक कण न विरघळता नुसते पसरून राहिलेलं मिश्रण. दमट पण स्वच्छ हवा, ज्यात पाण्याची वाफ पूर्ण मिसळलेली असते, ते खरं उदाहरण.