आधी कीर्द, मग खतावणी

जुन्या पेढीवर प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत चढे. घडेल त्या क्रमाने, एकाखाली एक. नोंद चुकली तरी खोडायची नाही, खाली दुरुस्तीची नवी नोंद करायची. खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही, नंतर त्या कीर्दीवरूनच बने. आज हजारो कंपन्यांची माहिती इकडून तिकडे नेणारी 'अपाची काफ्का' ही प्रणाली याच शिस्तीवर उभी आहे. तिच्या तीन मूळ निर्मात्यांपैकी एक, नेहा नारखेडे, पुण्यात शिकल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

२०१०च्या सुमारास नारखेडे आणि बाकीचे दोन निर्माते, जे क्रेप्स व जुन राओ, लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळाच्या कंपनीत होते. तिथे कुणी कुणाचं प्रोफाइल पाहिलं, ही एकच नोंद शोधयंत्रणेला हवी, शिफारशी सुचवणाऱ्या प्रोग्रामला हवी आणि अहवाल काढणाऱ्यालाही हवी. प्रत्येक जोडीसाठी वेगळी वाहिनी टाकायची म्हटलं, तर १० देणारे आणि १० घेणारे यांच्यात १०० वाहिन्या होतात. मध्ये एक सामाईक कीर्द ठेवली, की २० पुरतात. ही मधली कीर्द म्हणजेच काफ्का. तिचा कोड २०११मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

निरोप पोचवणाऱ्या प्रणाली आधीही होत्या. पण त्यांत बहुधा निरोप वाचला गेला, की रांगेतून जाई. काफ्कात वाचल्याने काहीच पुसलं जात नाही, आणि खरी कल्पकता मला इथेच दिसते. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो आणि आपण कितव्या नोंदीपर्यंत आलो, याची खूण ज्याच्या त्याच्या नावाने राहते. एक प्रोग्राम संथ असला तर बाकीचे अडत नाहीत. एखादा मध्येच बंद पडला, तर पुन्हा सुरू झाल्यावर खुणेपासून पुढे वाचतो. महिन्याभराने नवा प्रोग्राम आला, तर तोही शिल्लक असलेल्या पहिल्या नोंदीपासून वाचू शकतो. नोंदी किती काळ ठेवायच्या ते आपण ठरवायचं. काही सांगितलं नाही तर ७ दिवस. एखादं यंत्र बिघडलं तरी नोंदी जाऊ नयेत म्हणून त्यांच्या प्रती सहसा ३ यंत्रांवर असतात.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. भार वाटण्यासाठी एका विषयाची कीर्द अनेक वह्यांत विभागतात आणि क्रमाची हमी फक्त एका वहीपुरती असते. म्हणून बँकेच्या नोंदी खातेक्रमांकानुसार वाटतात. एका खात्याच्या सगळ्या नोंदी एकाच वहीत पडतात आणि आधी जमा झालेले पैसे वाचणाऱ्यालाही आधीच दिसतात.