मुलींचं प्रमाण आणि ‘फॉर्म एफ’चा वाद: पुण्याची पार्श्वभूमी

पुण्यात मुलींच्या जन्माचं प्रमाण घसरल्याची बातमी आली की तिला ‘स्त्रीशिक्षणाचं माहेरघर असूनही’ अशी शेपटी हमखास लागते. 1863 साली पुण्यात निघालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा दाखलाही लगेच दिला जातो. ते गृह फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी होतं. बाळ मुलगा की मुलगी, हा तिथला प्रश्नच नव्हता. मुलगी म्हणून जन्मताच मारण्याविरुद्धचा 1870चा इंग्रजी कायदा प्रामुख्यानं उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता आणि मुंबई इलाख्यात ही ओरड होती ती काठियावाडातली. पुण्याच्या आजच्या आकड्यांची मुळं इतक्या मागे शोधण्यात अर्थ नाही. ती 1970 नंतरची आहेत.

1971च्या कायद्यानं गर्भपाताला काही अटींवर मान्यता दिली. त्याच दशकाच्या मध्याला गर्भजल परीक्षा आली, ती बाळातले आनुवंशिक दोष ओळखायला. तिचा धंदा मात्र दुसऱ्याच माहितीवर उभा राहिला: गर्भ मुलाचा की मुलीचा. ‘आज पाचशे खर्च करा, उद्याचे पन्नास हजार वाचवा’ अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या. वाचवायचे ते अर्थातच हुंड्याचे. महिला संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्रानं 1988 साली गर्भलिंग परीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. त्यात खाजगी केंद्रांना परवान्याची वाट मोकळी राहिली आणि शिक्षेच्या कक्षेत बाईलाही ओढलं गेलं. पुढे केंद्राचा 1994चा कायदा 1 जानेवारी 1996पासून लागू झाला. त्यात बाईवर नवऱ्याची किंवा सासरची सक्ती झाली असावी, असं गृहीत धरलं. अंमलबजावणी मात्र कागदावरच राहिली. 2000 साली काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यात पुरंदर तालुक्यात काम करणारी पुण्याची एक महिला संघटनाही होती. 2003मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

तोवर सोनोग्राफी गल्लोगल्ली पोहोचली होती. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात. 2001च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे प्रमाण कोल्हापुरात 839, साताऱ्यात 878 आणि पुणे जिल्ह्यात 902 होतं. सारा गवगवा ऊसपट्ट्याचा झाला. 2011मध्ये कोल्हापूर 863वर आणि सातारा 895वर चढलं, पुणे 883वर उतरलं. त्याच वर्षी गडचिरोलीत 961 होतं. गरिबी आणि अडाणीपणाकडे बोट दाखवणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहावेत. मुलं दोनच हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, असं ठरलं की पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या खेपेला काय होतं, हे उघड आहे. पहिल्या बाळंतपणाच्या आकड्यात हा कल फारसा दिसतच नाही.

खरा वाद पेटला तो ‘फॉर्म एफ’वरून. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना हा अर्ज भरावा लागतो: तिचं नाव, पत्ता, आधीचे मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं, पाठवणारा डॉक्टर कोण, शेवटची पाळी कधी आली, तपासणीचं कारण काय. खाली बाईची सही किंवा अंगठा, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. डॉक्टरचंही तसंच प्रतिज्ञापत्र. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल द्यायचा. अर्जात त्रुटी आढळली तर डॉक्टरनं उलट सिद्ध करेपर्यंत तो मूळ कायद्याचाच भंग मानला जातो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की पत्त्यातला पिनकोड राहिला म्हणून यंत्राला सील ठोकायचं आणि लिंगनिदान करणाऱ्यालाही तेच कलम लावायचं, हा कुठला न्याय? 2016च्या जूनमध्ये याच मुद्द्यावर पुण्यातल्या सोनोग्राफी तज्ज्ञांनी काम बंद ठेवलं. सप्टेंबरात तो संप देशभर पोहोचला. तपासण्या रखडल्या, गरोदर बायकांचे हाल झाले. काही ठिकाणी तपासणी पथकांनी खरोखरच किरकोळ चुकांवर बडगा उगारला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण हा गुन्हा घडतो कसा, तेही पाहिलं पाहिजे. ‘पेढे आणा’ किंवा ‘जिलेबी आणा’ एवढं बोललं की काम झालं. सांगणारा आणि ऐकणारा दोघंही खूश, तक्रार करणार कोण? उरतो तो फक्त कागद. दोन मुलींची आई, कारणाचा रकाना रिकामा, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव नाही: असे अर्ज एका केंद्रात ढिगानं सापडले, तर त्यांना कारकुनी चूक कोण म्हणेल? 3 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही नोंदी न ठेवणं ही निव्वळ कारकुनी चूक मानायला नकार दिला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, 4 एप्रिल 2020 रोजी, कोविडचं कारण देऊन केंद्रानं मासिक अहवालासारखे काही नियम 30 जूनपर्यंत स्थगित केले. सोनोग्राफी केंद्रं त्या काळातही चालूच होती.

आता आईच्या रक्तातूनच दहाव्या आठवड्याच्या सुमारास लिंग कळू शकतं. हेही कायद्यानं बंद आहे, पण नमुना कुरिअरनं कुठंही जातो आणि यंत्राला सील ठोकण्याचा प्रश्नच उरत नाही.

2011नंतरच्या पुण्याच्या आकड्यांबद्दल बोलायचं तर भिस्त महापालिकेच्या जन्मनोंदणीवर. तिथं नोंद होते ती बाळ जिथं जन्मलं त्या ठिकाणी. सातारा-सोलापूरहून इथल्या रुग्णालयांत आलेल्या बाळंतिणी पुण्याच्या खात्यात जमा होतात आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या पुण्याच्या सुना वजा होतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं जन्मावेळचं प्रमाण 913 आलं, त्याआधीच्या फेरीत ते 924 होतं. जिल्ह्यापुरता असा आकडा भरवशाचा ठरेल इतका नमुना त्यात नसतो.

2021ची जनगणना झालीच नाही. नवी मोजणी 2027च्या फेब्रुवारीत ठरली आहे. सहा वर्षांपर्यंतच्या रकान्यात तेव्हा येतील ती साधारण मार्च 2020पासून जन्मलेली मुलं. त्यामुळे 2011च्या मोजणीनंतर 2020च्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्या मुलामुलींची, म्हणजे संपाच्या आणि खटल्याच्या ऐन वर्षांतल्या बाळांची, त्या रकान्यात कधीच मोजणी होणार नाही.