मुंबई–दुबई हवाई अंतर आणि प्रवासवेळ

मुंबई आणि दुबई या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे १,०४० सागरी मैल भरते. खेड, दापोली, मंडणगड, रत्नागिरी या भागांतून पिढ्यान् पिढ्या माणसे नोकरीसाठी आखातात जात असल्याने कोकणात हा मार्ग घरोघर परिचयाचा आहे.

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या रेषेवर बसेल ती सर्वांत जवळची वाट. हवाई अंतर याच रेषेने मोजतात. विमान मात्र ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर थोडे वाढते. ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वादोन तासांत कापले जायला हवे. पण वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. म्हणून जाताना तीन ते साडेतीन तास धरतात, येताना बहुधा त्याहून कमी.

हा फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. पावसाळ्यात चित्र पालटते. खाली किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा माड वाकवत असतो, तेव्हा वरच्या थरांत वारा पूर्वेकडून वाहत असतो आणि जाण्या-येण्यातला फरक कमी होतो. पूर्वी चौल-दाभोळची गलबतेही हिवाळ्यात समुद्रालगत वाहणारे ईशान्येचे वारे धरूनच आखाताकडे निघत.

घड्याळाचा हिशेब वेगळा. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. पहाटे चारला मुंबईहून निघालेले विमान सव्वातीन तास उडून तिथल्या पावणेसहाला पोचते. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. घरच्यांना पोचण्याची वेळ कळवताना हे हमखास विसरले जाते.

कोकणातल्या प्रवाशाचा मोठा वेळ जातो तो जमिनीवर. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर, हवाई अंतराच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढे. तरी त्याला सात-आठ तास लागतात, पावसाळ्यात अधिकच. कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकात वेग कमी करते. त्यात आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचावे लागते.

दक्षिण सिंधुदुर्गाचे गणित जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्यावर बदलले. मोपा ते दुबई हवाई अंतर सुमारे २,२०० किलोमीटर, मुंबईहून जास्त; उड्डाणाला पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात. पण सावंतवाडीहून मोपा तासाभराच्या आत येते, तर मुंबई पाचशे किलोमीटरवर. थेट विमान मिळत असेल, तर सावंतवाडी-दोडामार्गकरांनी हे लांबचे उड्डाणच धरावे.