टाकीचं बुलेटिन आलं, आता चाचणी नीट करा

घरी बांधलेल्या विमानाच्या इंधनटाकीबद्दल किट कंपनीचं सुरक्षा बुलेटिन आलं की बहुतेक जण आधी पान्हा हातात घेतात. त्याआधी दोन गोष्टी ताडून पाहा: आपली टाकी कोणत्या पद्धतीची आहे, आणि बुलेटिन नेमकं कशाबद्दल आहे. रिवेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सांधे पॉलिसल्फाइड सीलंटने (रबरासारखं घट्ट होणारं लुकण) बंद केलेले असतात. फायबरग्लासच्या टाकीत रेझिन हीच भिंत असते. दोन्हींचे आजार वेगळे.

जुन्या ॲल्युमिनियम टाक्यांचा एक आजार प्रसिद्ध आहे. त्या काळी टाकी बांधून झाल्यावर आत पातळ स्लोशिंग कंपाउंड ओतून, टाकी हलवून सगळीकडे लेप द्यायची पद्धत होती. काही वर्षांनी त्या लेपाचे पापुद्रे सुटले आणि इंजिनकडे जाणाऱ्या जाळीवर बसले. बाहेरून टाकी कोरडी ठणठणीत दिसते, पण चढाईत इंजिनला पेट्रोल कमी पडतं. असा लेप असेल तर टाकी उघडून तो काढण्याला पर्याय नाही.

फायबरग्लासवाल्यांनी इंधनाकडे पाहावं. पंपावर आता ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अशा विमानांत बसवल्या जाणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनाची इथेनॉलची मर्यादा 10 टक्के आहे. इथेनॉल जुन्या रेझिनला मऊ करतं, शिवाय व्हेंटमधून (टाकीत हवा येण्याजाण्याची नळी) येणाऱ्या दमट हवेतलं पाणी शोषतं. तपासणी सोपी आहे. शंभर मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी आणि 90 मिली पेट्रोल घालून हलवा, थांबा. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. ई20 असेल तर तो पंचविसाच्या आसपास किंवा पुढे जातो. गोव्यात होड्या बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये पॉलिस्टर रेझिन सहज मिळतं. त्याने टाकीला ठिगळ लावू नका. टाकी ज्या रेझिनची आहे ते किट कंपनीकडून विचारून घ्या.

आता गळतीची चाचणी. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की पेटते, म्हणून नुकती रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. वाफ हवेपेक्षा जड असते, शेडच्या फरशीवर साचते. इंधन उघड्यावर काढा आणि टाकी व डबा तारेने जोडून ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. आत थोडं पेट्रोल उरलं तर त्याची वाफ दाब वाढवते आणि गळती झाकते.

कंप्रेसर लावू नका. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात भिंतीवर टांगा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक टाकीला जोडा. इंधनाची टोपी, ड्रेन व्हॉल्व्ह, व्हेंट सगळं बंद करून हातपंपाने हळूहळू हवा भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 50 सेंटिमीटरचा फरक पुरे. हा दाब किरकोळ वाटतो, पण अर्ध्या चौरस मीटरच्या पत्र्यावर त्याचा भार सुमारे अडीचशे किलो होतो. कंप्रेसरचा दाब याच्या शंभर पटींहून जास्त असतो, टाकी फुगून तिचे सांधेच उघडतात.

बंद हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक सुमारे साडेतीन सेंटिमीटरने वाढतो. शिवाय आपल्याकडे वातावरणाचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो, फरक अडीच-तीन हेक्टोपास्कलचा. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाणी. सकाळी दहाला चाचणी सुरू करून चारला पाहिलं, तर बाहेरचा दाब उतरल्याने आणि टाकी तापल्याने पाणी उलट वर गेलेलं दिसेल. गळती तेवढ्यात सहज लपते. म्हणून टाकी सावलीत ठेवा, पत्र्याला थर्मामीटर चिकटवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेच तापमान असताना पुन्हा वाचन घ्या. वाचनाबरोबर तापमान आणि वातावरणाचा दाब लिहून ठेवा.

पाणी उतरलं तर साबणाचं पाणी लावून फुगे शोधा, आधी टोपी आणि व्हॉल्व्हपाशी. विमान उडत असेल आणि त्यात 100 एलएल हे निळ्या रंगाचं विमानाचं पेट्रोल असेल, तर पंखाखाली सुकलेला निळा डागच जागा सांगतो.

दुरुस्ती आतून करावी. बाहेरून लावलेलं सीलंट आतल्या दाबाने सुटतं. मागच्या भिंतीला झाकण कापून उघडावं लागलं तरी ते बरं. जुना थर खरवडून, पत्रा घासून एमईके या द्रावकाने पुसा, आणि ओला असतानाच कोऱ्या फडक्याने कोरडा करा, नाहीतर विरघळलेला मळ तिथेच बसतो. सीलंट आणि हार्डनरचं मिश्रण वजनाने दहास एक. तीस ग्रॅममध्ये तीन ग्रॅम हार्डनर, म्हणजे काट्याची 0.3 ग्रॅमची चूक दहा टक्क्यांची होते. काळ्या-पांढऱ्या रेघा जाऊन सगळीकडे एकच राखाडी रंग यावा. बी-2 प्रकारच्या सीलंटला लावण्यासाठी दिलेला 2 तासांचा वेळ 25 अंशांचा आहे. गोव्यात पेडण्याच्या शेडमध्ये 35 अंश असले तर तासभरच मिळतो, दमट हवेत त्याहून कमी. त्याच मिश्रणाचा एक गोळा पत्र्यावर ठेवा. त्यात नख रुततंय तोवर दाब भरू नका.

टाकी परत बसवल्यावर प्रवाह मोजल्याशिवाय उडू नका. पंपाच्या व्यवस्थेत टेकऑफच्या खपाच्या 125 टक्के इंधन यायला हवं, गुरुत्वाने येणाऱ्यात 150 टक्के. रोटॅक्स 912 यूएलएस पूर्ण शक्तीवर ताशी 27 लिटर पितं. म्हणजे पंपाने 5 मिनिटांत किमान 2.8 लिटर डब्यात यावं, तेही नाक चढाईइतकं वर करून आणि टाकीत अगदी थोडं इंधन ठेवून.